परातीत पसरलेली तूर

श्रोतेहो, नमस्कार.

रोजच्या वरणाचा रंग एकच असतो, त्यामुळे तूरही एकाच तऱ्हेची असावी असे आपण धरून चालतो. गावाकडे एखाद्या घरी राखेत जपून ठेवलेले जुने बियाणे मिळाले, तर त्यातली मूठभर तूर परातीत पसरून पाहा. पांढरे, तांबूस, काळपट, मध्येच ठिपक्यांचे असे दाणे एकाच मुठीत निघतात, आणि रंगाइतकाच फरक त्यांच्या पक्वतेच्या काळात आणि रोग सोसण्याच्या ताकदीतही असतो.

हा फरक टिकण्यात मधमाश्यांचा मोठा हात आहे. तुरीच्या फुलात परागकण कळी उमलण्याआधीच सुटतात, त्यामुळे बरेचसे दाणे स्वतःच्याच परागांनी भरतात. पण उमललेल्या पिवळ्या फुलांवर माश्यांची ये-जा सुरू झाली की बांधापलीकडच्या तुरीचे गुणही आपल्या शेतात उतरतात. वाण शुद्ध राखू पाहणाऱ्या बीजोत्पादकाला याचा त्रास होतो, हे खरेच. पिकाच्या दृष्टीने मात्र मी हे भाग्य मानतो.

कारण एकाच गुणावर विसंबणे तुरीला महागात पडते. ‘मारुती’ हा वाण उभे झाड वाळवून टाकणाऱ्या मर रोगाला चांगला तोंड देतो, पण वांझ रोग आला की हतबल होतो. सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगात झाड हिरवेगार वाढते, पाने बारीक आणि फिकट-चट्टेदार होतात, आणि फुले जवळजवळ लागतच नाहीत. शेतकरी हिरव्या शेताकडे पाहत शेंगांची वाट पाहत राहतो. दोन्ही रोगांना दाद न देणारा ‘आशा’ हा वाण पुढे आला, आणि शास्त्रज्ञांनी तुरीच्या जनुकसंचाचा जो पहिला आराखडा मांडला, तोही याच वाणाचा.

तूर मूळची भारतातलीच. तिची सर्वांत जवळची रानटी भावंडे बस्तर आणि ओडिशाच्या डोंगराळ भागात आढळतात. माणसाने सोयीची झाडे निवडत पीक घडवले, तेव्हा रानातले कितीतरी गुण मागेच राहिले, म्हणून रानटी जातींतील विविधता आजच्या शेतातल्या तुरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. त्यातला एक गुण परत आणला गेला: ‘आयसीपीएच २६७१’ या संकरित वाणामागचे नरवंध्यत्व, म्हणजे फुलात कामाचे पराग न तयार होण्याचा गुण, अशाच एका रानटी भावंडाच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे पेशीतील केंद्रकाबाहेरच्या भागातून, मिळाले आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या साठ्यात, तुरीचे १३,००० हून अधिक नमुने थंडाव्यात जपलेले आहेत. तरीही पेढीतले बी आपल्या पावसाशी आणि आपल्या किडींशी रोज झगडत नाही; ते काम शेतातच होते. नवापूरच्या आणि लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूर डाळीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचे मला म्हणूनच मोठे समाधान वाटते, कारण चांगला भाव मिळाला तर गावरान बी पुन्हा पेरले जाईल.

आपल्याकडे असे बी असेल, तर एकाच देखण्या झाडाच्या शेंगा राखू नका. शेताच्या मध्यभागातील पुष्कळ निरोगी झाडांच्या थोड्या थोड्या शेंगा वेगळ्या काढा, लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या दोन्हींच्या घ्या, आणि दाणे कडक वाळवून भुंगेरा शिरणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.