यलो गेटची आणि समुद्रातल्या चोरांची गोष्ट

नमस्कार मंडळी. मी बोटीवरचा माणूस, म्हणजे होतो, आता रिटायर्ड. सव्वीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली त्यामुळे आवाज जरा मोठाच लागतो, तेव्हा रेडिओचा आवाज थोडा कमी करून ऐका.

पायरसी, म्हणजे समुद्रातली चाचेगिरी, म्हटलं की लोकांना काळी पट्टी लावलेला एक डोळा नाहीतर बंदूक घेतलेला सोमाली पोरगा आठवतो. मी जो चोर पहिल्यांदा अनुभवला तो साधा भुरटा होता. सिंगापूरची सामुद्रधुनी, रात्रीचे अडीच, मी थर्ड इंजिनिअर, बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. बोट मालाने भरलेली, म्हणजे पाण्यात खोल बसलेली, आणि ट्रॅफिक एवढं की स्पीड कमी केलेला, म्हणजे चोराला आयतं आमंत्रणच. मागच्या बाजूने लांब बांबूला आकडी लावून वर आले, आम्हाला पत्ताच नाही. आमचा ऑईलर, म्हणजे इंजिनला तेलपाणी बघणारा गडी, मागच्या टोकाला सुकाणूची यंत्रं असतात त्या स्टिअरिंग गिअर रूममध्ये राऊंडला गेला तो वीस मिनिटं झाली तरी येईना म्हणून मी बघायला गेलो, तर गडी हात बांधलेला, तोंडात चिंधी, आणि पायात मोजे फक्त. सुऱ्या दाखवून गप बसवलं होतं त्याला. स्टोअरचं कुलूप कापलेलं, फ्युएल व्हॉल्व्ह आणि बेअरिंगचे नवेकोरे खोके गायब, आणि जाता जाता ऑईलरचे नवे बूटही नेले. स्पेअरचं सोडा, कंपनीने परत पाठवले, पण तो बिचारा बुटांसाठी महिनाभर शिव्या देत होता.

आता गंमत बघा, ही जी चोरी झाली तिला कायद्याच्या भाषेत पायरसी म्हणतच नाहीत. किनाऱ्यापासून 12 नॉटिकल मैलांच्या आत, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या आत झालं तर ते त्या देशाच्या हद्दीतलं, त्याला सशस्त्र दरोडा म्हणायचं आणि बघायचं त्या देशाच्या पोलिसांनी. पायरसी व्हायला भर समुद्र लागतो, कुणाच्याच हद्दीत नसलेला. पण समुद्र कुणाचाच नाही तर तिथे पकडलेल्या चोराला कोर्टात कुणी उभं करायचं? मला आज तेच सांगायचंय, कारण ह्या प्रश्नाने आपल्या मुंबईलाच चांगलं दमवलंय.

1999 ची गोष्ट. अलोंड्रा रेनबो नावाची जपानी मालकीची बोट, नवीकोरी, 22 ऑक्टोबरला इंडोनेशियातल्या कुआला तांजुंगवरून 7000 टन ॲल्युमिनियम घेऊन जपानकडे निघाली आणि निघाल्याबरोबर गायबच झाली. बोटीवर 17 माणसं, कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर जपानी, बाकी फिलिपिनो. चोरांनी त्यांना आधी आठवडाभर दुसऱ्या एका बोटीवर डांबलं आणि मग एका रबरी तराफ्यात बसवून समुद्रात सोडून दिलं. दहा दिवस ते तसेच तरंगत होते, शेवटी 8 नोव्हेंबरला थायलंडच्या मच्छीमारांनी उचललं. सगळे जिवंत! तराफ्यातलं खाणंपाणी किती असतं ते मला माहिताय, बिस्किटं मोजून आणि पाणी घोटाघोटाने, दहा दिवस म्हणजे चेष्टा नाही.

इकडे चोरांनी बोट रंगवली, नाव बदललं, मेगा रामा ठेवलं, मागे बेलीझचा झेंडा लावला, निम्म्याच्या आसपास माल वाटेत विकूनही टाकला आणि निघाले अरबी समुद्राकडे. पण क्वालालंपूरच्या पायरसी सेंटरने सगळ्या बोटींना वर्णन कळवून ठेवलं होतं, आणि बेलीझकडे चौकशी केली तर असल्या नावाची बोट त्यांच्याकडे नोंदलेलीच नव्हती. मग आपल्या कोस्ट गार्डची ताराबाई नावाची बोट मागे लागली (नाव बघा काय झकास आहे), पुढे नेव्हीची आयएनएस प्रहार आली. थांबा म्हटलं तर थांबेनात, गोळ्या झाडाव्या लागल्या. 16 नोव्हेंबरला पकडले तेव्हा त्या लोकांनी बोटीला आग लावली होती आणि बुडवायला म्हणून आत पाणीही सोडलं होतं, पुरावाच नको. नेव्हीच्या पोरांनी आग विझवली, पाणी थांबवलं आणि बोट ओढत मुंबईला आणली. इंजिन रूममध्ये पाणी भरत असताना आत उतरायला काय लागतं ते इंजिनवाल्याला विचारा.

पंधरा इंडोनेशियन उतरवले आणि केस गेली यलो गेट पोलीस स्टेशनला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई बंदराचं पोलीस स्टेशन. आता लावणार काय? बोट पनामाच्या झेंड्याची, मालक जपानी, चोर इंडोनेशियाचे, चोरी झाली मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे, पकडले अरबी समुद्रात, आणि आपल्या कायद्यात पायरसी नावाचा गुन्हाच नाही. मग दरोड्याची कलमं आणि ब्रिटिशांच्या काळातले जुने कायदे असं जे हाताला लागलं ते वापरलं. 2003 मध्ये सेशन्स कोर्टाने सात वर्षांची शिक्षा दिली, जगभर वाहवा झाली. आणि 2005 मध्ये हायकोर्टातून सुटले. झालं!

पुढे सोमालियाच्या चाच्यांचं पेव फुटलं. 2010 ह्या एका वर्षात जगात 53 बोटी पळवल्या आणि 1181 माणसं ओलीस धरली. आपल्या नेव्हीने 2011 मध्ये सोमाली चाच्यांच्या मोठ्या टोळ्या पकडून मुंबईत आणल्या, एका वेगा 5 नावाच्या बोटीवरूनच 61 जण. ते तळोजाला वगैरे ठेवले आणि निकाल लागला 2017 ला, शिक्षा सात वर्षं, तोवर सहा आतच गेलेली.

ह्याची किंमत कोणी दिली तेही सांगतो, पेपरात हे छोटं येतं. ॲस्फाल्ट व्हेंचर नावाचा टँकर सप्टेंबर 2010 मध्ये पळवला होता, 15 जण, सगळे भारतीय. एप्रिल 2011 मध्ये खंडणीचे पैसे पोचले, बोट सोडली, पण सात जणांना उतरवून ठेवून घेतलं. का, तर तुमच्या नेव्हीने आमची माणसं धरलीयत ती आधी सोडा. ते सात जण घरी आले ऑक्टोबर 2014 मध्ये. चार वर्षं! इकडे आम्ही नेव्हीसाठी टाळ्या वाजवत होतो, मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, आणि नेव्हीने पकडू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण त्या सात घरांत टाळ्या वाजल्या नसतील.

शेवटी कायदा झाला, संसदेत डिसेंबर 2022 ला पास, आणि पायरसीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कुणाचा जीव गेला तर फाशीसुद्धा. तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात वापरायची वेळ लगेच आली. रुएन नावाची बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, 14 डिसेंबर 2023 ला सोमाल्यांनी पळवली, तीन महिने ताब्यात ठेवली आणि मार्च 2024 मध्ये तीच घेऊन शिकारीला निघाले. आयएनएस कोलकाताने अडवली, 40 तास चाललं, विमानातून नेव्हीचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले, आपल्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर लांब. 17 माणसं सुखरूप आणि 35 चाचे शरण. 23 मार्चला मुंबईत आणले, आणि कुठे दिले असतील? यलो गेट.

आणि ह्यातला योगायोग असा की त्याच 2023 च्या 1 जानेवारीपासून शिपिंगवाल्यांनी तिथला हाय रिस्क एरिया, म्हणजे चाच्यांच्या धोक्याचा म्हणून ठरवलेला पट्टा, काढून टाकला होता, आता धोका नाही म्हणून. बोटींवरची काटेरी तार निघाली, आमच्या वेळी कठड्याला उभे करायचो ते बुजगावणे निघाले. बुजगावणे म्हणजे बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून बांधलेली माणसं, लांबून वाटावं की बरेच लोक पहाऱ्यावर आहेत.

माझा भाचा सध्या सेकंड इंजिनिअर आहे. रुएन सुटल्यावर दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला, म्हणे मामा परत सगळं सुरू झालंय, तार लावली, पाण्याची पायपं लावली, बुजगावणेपण उभे केले. आणि एकाला कुणीतरी माझा जुना बॉयलर सूट घातलाय, छातीवर माझं नाव तसंच आहे. तो खाली वॉच करतोय आणि वर चार दिवस मीच दोरीने बांधून उभा आहे.