पाण्यातले बाळंतपण

श्रोतेहो, नमस्कार. पाण्यातल्या बाळंतपणाचे फायदे-तोटे सांगण्याआधी १८०३ सालची एक गोष्ट सांगतो.

फ्रान्समधली एक बाई तब्बल ४८ तास कळा देत होती. अंगातले त्राण संपले, तरी सुटका होईना. शेवटी जरा आराम पडावा म्हणून ती ऊन पाण्यात बसली. दिवसभर उभे राहून आंबलेले पाय ज्याने कधी ऊन पाण्यात सोडले असतील, त्याला तिने टाकलेला सुस्कारा ऐकू येईल. पुढे मात्र दोन दिवस अडून राहिलेले बाळ एवढ्या झपाट्याने आले की तिला पाण्याबाहेर पडायलाही सवड मिळाली नाही. वैद्यकीय नोंदींत पाण्यातला हा पहिला जन्म मानला जातो. पण श्रोतेहो, ती पाण्यात बाळंत व्हायला गेलीच नव्हती. ती गेली होती विसाव्याला! पुढे १९७०च्या दशकात फ्रान्समधल्याच पितिव्हिए गावच्या रुग्णालयात डॉक्टर मिशेल ओदाँ यांनी हौद ठेवला, तोही कळा सुसह्य व्हाव्यात म्हणूनच, आणि १९८३ साली त्यांनी पाण्यातल्या शंभर जन्मांचा वृत्तान्त ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दिला.

म्हणून मी सांगतो, कळा पाण्यात सोसणे वेगळे आणि बाळ पाण्यात जन्मणे वेगळे. कळांच्या काळात पाणी अंगाचा भार पेलते, कूस बदलणे सोपे जाते, आणि पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचा भाग बधिर करण्याची गरज काही जणींना पडत नाही. (याला ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवण्याची हौस मला पटत नाही, हौद, नळ आणि तापमापक यांत निसर्गाचा वाटा तो कितीसा?)

प्रत्यक्ष जन्माच्या वेळी मात्र जपावे लागते. बाळाला घाईने वर उचलताना नाळ ताणून तुटू शकते, किती रक्त गेले याचा अंदाज गढूळलेल्या पाण्यात लागत नाही, आणि हौद किंवा नळ अस्वच्छ असल्यास बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. पाणी ३७.५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. बाळाचा चेहरा एकदा हवेत आला की तो पुन्हा पाण्यात बुडता कामा नये, कारण श्वास तिथेच सुरू होतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले ते हेच, की निरोगी, पूर्ण दिवस भरलेल्या स्त्रीने सुरुवातीच्या कळा पाण्यात सोसायला हरकत नाही, जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा. जुळे, पायाळू बाळ किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर हौदाचा विचारच नको.

आणि हौदात उतरण्यापूर्वी सुईणीला एक प्रश्न अवश्य विचारा: मला भोवळ आली, तर तुम्ही मला यातून बाहेर कशा काढणार, आणि त्या वेळी इथे किती जणी असतील?