दंड कुणाला?

मंडळी, कोल्हापूरच्या दसरा चौकात शिक्षणावर बोलायचं म्हणजे मला जरा धाकच वाटतो. बाहेर शाहू महाराजांचा पुतळा आहे, इथं चुकीला माफी नाही.

1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पोराला शाळेत घातलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. जयंतीला आपण ही गोष्ट छाती फुगवून सांगतो. पण रुपया मागायचा तर शाळा आणि मास्तर आधी दरबारानं द्यायला हवेत, हे त्यातच आलं. सक्ती दोन्ही बाजूंना होती.

आता देशाच्या शिक्षणाचा आराखडा देणारा कोठारी आयोग घ्या. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगानं 1966 साली सांगितलं, 1985-86 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के शिक्षणावर खर्च व्हायला हवेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच 6 चा आकडा आहे. सरकारं सगळ्या रंगांची येऊन गेली, आकडा जागचा हलला नाही.

वाद मात्र वेगळाच रंगतो. ‘पट कमी, खर्च जास्त’ म्हणून 2023 मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा, म्हणजे अशा शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, करायचे प्रस्ताव मागवले गेले. त्या बाजूचं म्हणणं अगदीच चूक नाही. चार पोरांत खेळ रंगत नाही, एक मास्तर चार इयत्ता कशा सांभाळणार? पण शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. गगनबावड्याच्या धनगरवाड्यावरची सहा वर्षांची पोर जुलैत ओढा कसा ओलांडणार, याला हिशेबाच्या तक्त्यात रकाना नसतो.

आणि तो जास्तीचा खर्च जातो कुठं? पगारात, आणि पगार द्यायलाच हवा. पगार सोडून उरतं ते बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून तीसपर्यंत पटाच्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला 10,000 रुपये. खडू, दुरुस्ती, वीजबिल, सगळं त्यात. उलट त्याच कायद्यातल्या, गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून खासगी शाळेत गेलेल्या एका मुलामागं राज्यानं शाळेला भरून द्यायच्या फीचा, म्हणजे प्रतिपूर्तीचा, दर वर्षाला 17,670 रुपये ठरला. त्यात तिथले पगारही धरलेत, तेव्हा ही तुलना सरळ नाही, हे मीच सांगतो. शिवाय ती रक्कमही वर्षानुवर्षं थकते, म्हणून संस्थाचालक ओरडतात. म्हणजे दोघांच्याही ताटात वाढताना हात आखडलेलाच.

मला खटकतो तो ‘अनुदान’ हा शब्द. खुशीनं दिल्यासारखा वाटतो, दिलं तर उपकार. महाराजांचा रुपया आठवतो तो इथं. 1986 पासून, 6 टक्के न दिल्याबद्दल, सरकारला महिन्याला एक रुपया दंड लावला असता तर आजवर पाचशेच्या आसपास जमले असते. एखाद्या वाडीवरच्या शाळेचं महिन्याचं वीजबिल तरी भागलं असतं.