खोलीभाड्याची एक ओळ

(दृश्य: इस्पितळाचा बिलिंग काउंटर. काचेखालून सरकणारा कागद.)

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. मेडिक्लेम ३ लाखांचा, बिल १ लाख ८४ हजारांचं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. काउंटरवरून कागद आला : मंजूर १ लाख १२ हजार. उरलेले ७२ हजार आत्ता भरा, मग पेशंटला न्या.

पॉलिसीत एक ओळ होती. खोलीभाडं रोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत. आम्ही खोली घेतली ६,०००ची. फार तर वरचे ३,००० रोज खिशातून जातील, चार दिवसांचे १२ हजार, असा आमचा हिशोब. पण बऱ्याच इस्पितळांत महागडी खोली घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचेच दर चढतात. म्हणून कंपनी त्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लावते. खोली दुप्पट भाड्याची, तेव्हा या खर्चाच्या १ लाख २० हजारांचे मिळाले ६० हजार. औषधं आणि तपासण्यांचे ४० हजार मात्र पूर्ण मिळाले. त्यांना ही कपात लावता येत नाही. तुमच्या बिलात लावली असेल तर जरूर भांडा.

(दृश्य: पॉलिसीची पानं, बारीक अक्षर.)

अटी प्रत्येक विम्यात असतात. गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्याच गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. टर्म इन्शुरन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या आयुर्विम्याच्या, अर्जात तंबाखू लपवली तर पुढे घरच्यांचा क्लेम अडू शकतो. पण सगळ्यात जास्त अटी आरोग्य विम्यात, आणि त्या वाचायची वेळ येते तेव्हा घरचं माणूस आत स्ट्रेचरवर असतं. हर्निया, मोतीबिंदूसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च मिळत नाही. बाबांची ती उलटून गेली होती, एवढं नशीब. मधुमेह, रक्तदाब आधीपासून असेल तर आता जास्तीत जास्त ३ वर्षं. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४ वर्षांची होती.

२०२४पासूनच कंपनीला पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहितीपत्रकही द्यावं लागतं. खोलीभाड्याची मर्यादा, वेटिंग पिरियड, काय मिळणार नाही, सगळं त्यात येतं. आणि मागितलं तर ते मराठीतही द्यावं लागतं. मागायला मात्र हवं.

(दृश्य: जेवणाचं टेबल, चष्मा, कागद.)

यंदा रिन्यूअलच्या वेळी बाबांनी ते मराठीत मागून घेतलं. चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, आणि बाकी सगळं सोडून आधी खोलीभाड्याची ओळ शोधली.