एनपीएस सोडा, डेप्थ किती वेळात येते ते बघा

नमस्कार मंडळी. पालकांचा मला एक ठरलेला प्रश्न असतो, "सर, लॅपटॉपची रॅम ८ ची १६ जीबी केली तर स्टॉकफिश डबल पळंल का ओ?" (स्टॉकफिश म्हणजे बुद्धिबळाचं इंजिन, चाली शोधून देणारा प्रोग्रॅम.) नाही पळणार. पण म्हणून रॅमचा काही संबंधच नाही असंही नाही.

इंजिन सेकंदाला किती पोझिशन बघतं तो आकडा म्हणजे एनपीएस, आणि किती चाली पुढपर्यंत बघतं ती डेप्थ. १९९७ ला जगज्जेत्या कास्पारोवला हरवणारं डीप ब्लू हे मशीन सेकंदाला २० कोटीच्या आसपास बघायचं, ४८० खास चिपा होत्या त्यात. तुमचा लॅपटॉप त्याच्या जवळपासही जात नाही, तरी त्यावरचं स्टॉकफिश डीप ब्लूला लोळवेल, कारण काय बघायचं नाही हे त्याला चांगलं कळतं.

आता हॅश, म्हणजे आधी मोजलेल्या पोझिशनचे निकाल लिहून ठेवायचं रॅममधलं टेबल. आधी डी४ मग घोडा एफ३, किंवा आधी घोडा मग डी४, पोझिशन तीच येते, मग परत कशाला मोजायची? १९७० मध्ये झोब्रिस्टनं युक्ती काढली, प्रत्येक सोंगटीला प्रत्येक घरासाठी एक रँडम नंबर द्यायचा आणि सगळे एक्सॉर करायचे (बिटला बिट लावून एकात एक मिसळायचे), झाली पोझिशनची चावी. त्या चावीनं टेबलात नोंद शोधायची. स्टॉकफिशमध्ये एक नोंद १० बाइटची, तीन-तीन नोंदी ३२ बाइटच्या खणात, म्हणजे १ जीबीत साधारण १० कोटी नोंदी मावतात.

अडचण अशी की चावी रँडम म्हणजे पत्ताही रँडम, त्यामुळं हवी ती नोंद प्रोसेसरच्या कॅशमध्ये (त्याच्या आतल्या छोट्या, झटपट मेमरीत) बहुतेक वेळा नसतेच, रॅमपर्यंत जावं लागतं, आणि तिथं ८०-१०० नॅनोसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही, पण ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात तीनचारशे सायकल वाया जातात की! म्हणून इंजिन प्रीफेच करतं, नोंद लागायच्या आधीच मागवून ठेवतं, चाटी गल्लीतल्या दुकानदारानं गिऱ्हाईक चपला काढतंय तोवरच एमआयडीसीतल्या गोडाऊनला फोन लावावा तसं. हॅश फार मोठा केला की कधीकधी एनपीएस उलट थोडा पडतो, कारण रॅमच्या ४ केबीच्या छोट्या छोट्या पानांचे पत्ते शोधण्यातच वेळ जातो, २ एमबीची लार्ज पेजेस चालू केली की बराचसा भरून निघतो.

मग मोठा हॅश कशाला? ही पोझिशन लावा, लास्कर आणि राइखहेल्म यांची १९०१ ची, चाल पांढऱ्याची. पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. प्यादी सगळी अडकलेली, फक्त राजे फिरतात, म्हणजे वेगवेगळ्या पोझिशन तशा थोड्याच, पण तिथं पोचायच्या वाटा कोट्यवधी. हॅश असला की इंजिन राजा बी१ ही जिंकणारी चाल पटकन काढतं, नसला तर त्याच त्याच पोझिशन पुन्हा पुन्हा मोजत बसतं आणि एनपीएस मात्र झकास दिसतो! म्हणून म्हणतो, डेप्थ ३० ला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा.

२०२० पासून स्टॉकफिशमध्ये एनएनयूई आलं, पोझिशन किती चांगली ते ठरवणारं छोटं न्यूरल नेटवर्क. ते प्रोसेसरच्या एव्हीएक्स२ सारख्या (एका दमात बरेच आकडे मोजणाऱ्या) इन्स्ट्रक्शनवर पळतं, त्यामुळं डाउनलोड करताना आपल्या प्रोसेसरला न जुळणारा बिल्ड (आवृत्ती) घेतलात तर नवी रॅम टाकूनही घोडं पेंड खाणार.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो, लॅपटॉप गादीवर ठेवून तासभर अ‍ॅनालिसिस लावलं की प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो. पहिल्या मिनिटाचा एनपीएस आणि पंधराव्या मिनिटाचा ताडून बघा, मग रॅम घ्यायची का कूलर ते ठरवा.

(प्रश्न: हॅश किती ठेवू?) डिफॉल्ट १६ एमबी असतो, लांब अ‍ॅनालिसिसला फारच कमी. इंजिन हॅशफुल दाखवतं, हजारात किती भरला ते, तो लगेच हजाराला टेकत असेल तर वाढवा. ८ जीबीच्या मशीनवर १-२ जीबी बास. सगळी रॅम देऊ नका, विंडोज डिस्कवर स्वॅप करायला लागलं की डेप्थ विसरा, माऊससुद्धा हलणार नाही.