वाचणाऱ्याचा वेळ

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या जगात, वागावं कसं, यावर मला बोलायला सांगितलंय. माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टपासूनच (म्हणजे ‘माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ या विनंतीपासून) सुरुवात करतो, कारण ती कशी पाठवू नये याचा अस्सल नमुना होती. एका छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये) तारखेची चूक सापडली. दुरुस्ती एका ओळीची. पण कोडमधली मांडणी मला खटकली, म्हणून एडिटरकडून सगळंच नीट लावून घेतलं. ४० फायली बदलल्या. शीर्षक दिलं, ‘सुधारणा’. तिसऱ्या दिवशी ‘काही झालं का?’ असं विचारूनही झालं. मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं, ‘यात दुरुस्ती कुठली?’ बस, एवढंच.

मला रागच आला. फुकट काम करून देतोय आणि वर हे! पुढे माझ्या स्वतःच्या गळ्यात एक प्रकल्प पडला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मला लिहायला दहा मिनिटं लागली होती, त्याला वाचायला संध्याकाळ लागली असती. शिवाय मर्ज केलं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेतला, की कोड त्याच्या अंगावर. मी पसार झाल्यावर त्यातले बग निस्तरणार तोच.

म्हणून मोठा बदल करायचा असेल तर आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची चर्चेची नोंद) उघडून विचारा. ‘हे आम्हाला नकोच आहे’ हे उत्तर तीन आठवडे राबल्यानंतर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. आणि बग कळवताना ‘चालत नाही’ लिहू नका. ‘आवृत्ती अमुक, ही फाइल दिली, हे अपेक्षित होतं, हे आलं’ एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी समोरच्याचे चार प्रश्न टळतात. बहुतेक प्रकल्पांत कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असते, ती वाचा. मी वाचली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरभर चालणारा उपक्रम; ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्या टी-शर्टपायी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. मेंटेनर इतके वैतागले, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचंय त्यांनीच तसं सांगावं. आता एआयकडून लिहून घेतलेले, स्वतः न तपासलेले रिपोर्ट येतात. दुखणं तेच, फक्त भाषा सफाईदार.

तगाद्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय. एक्सझेड हा डेटा कॉम्प्रेशनचा प्रकल्प. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बहुतेक डिस्ट्रिब्युशन्समध्ये (तयार संचांत) असतो, पण वर्षानुवर्षं सांभाळणारा जवळजवळ एकच माणूस. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे चारचौघांत टुमणं लावलं : पॅच (लोकांनी पाठवलेले बदल) पडून आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. त्यानं सांगितलं, की हा बिनपगारी छंद आहे आणि तब्येतीचीही अडचण आहे. दरम्यान एक मदतनीस मोठ्या चिकाटीनं काम करत होता. हळूहळू त्याच्या हाती अधिकार आले. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्यानंच घुसवलेला मागचा दरवाजा, म्हणजे संगणकात चोरून शिरायची वाट, निघाला. सापडला तोही योगायोगानं. एका डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं ते जाहीर केलं. तगादा लावणारी ती नावं बनावट असावीत, असं आता मानलं जातं. पण तेव्हा ती खपून गेली, कारण आपण खरी माणसंही रोज तसंच बोलतो.

मेंटेनरही काही संत नसतात. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सची शिवराळ उत्तरं कित्येक वर्षं कौतुकानं सांगितली जायची. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं स्वतःच माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाला, आणि त्याच सुमारास कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रकल्पाला आचारसंहिता आली. ‘हा कोड चुकलाय’ म्हणावं, ‘तू मूर्ख आहेस’ म्हणू नये. नकार द्यायचा तर कारण एका ओळीत द्यावं. महिनाभर उत्तर नाही आलं तर एकदा सौम्यपणे आठवण करावी, फार तर दोनदा. त्यानंतर फोर्क करायला, म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतःचा प्रकल्प चालवायला, लायसन्सनं मोकळीक दिलेलीच असते.

माझ्या त्या पुल रिक्वेस्टचं काय झालं, विचाराल. मी ती बंद केली आणि ती एकच ओळ वेगळी पाठवली. त्याच दिवशी मर्ज झाली. बाकीच्या ३९ फायली अजूनही तशाच वाकड्या आहेत.