जन्माआधीची ओळख

(दृश्य: उरुळी कांचनजवळचा गोठा. सकाळची धार चालू आहे.)

निवेदन:
पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर, लोणी काळभोर आणि मग उरुळी कांचन. मणिभाई देसाईंनी १९६७ साली इथंच बाएफ ही पशुपालनाचं काम करणारी संस्था सुरू केली आणि संकरित गायी गावोगाव पोचल्या. या पट्ट्यातल्या कुणाही जुन्या गोठेवाल्याला विचारा. गायीला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. पोटात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीच्या अंगात उतरतात.

पण त्या वाटेनं फक्त संप्रेरकंच जात नाहीत. १९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांनी अशा जुळ्यांचं रक्त तपासलं, तर एकेका जनावराच्या अंगात दोन तऱ्हांच्या तांबड्या पेशी निघाल्या. एक स्वतःची, एक भावंडाची. तांबडी पेशी जगते जेमतेम काही महिने, आणि ही तर मोठी झालेली जनावरं होती. म्हणजे भावंडाकडून आलं ते नुसतं रक्त नव्हतं. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, स्टेम सेल्स, आल्या होत्या, अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून बसल्या होत्या. आणि शरीरानं त्यांना हाकलून दिलं नव्हतं.

(दृश्य: प्रयोगशाळेतले उंदीर. एका तपकिरी उंदराच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिगळ.)

हा ठिगळ नीट बघा. इंग्लंडमध्ये पीटर मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी तपकिरी जातीच्या उंदरांच्या पिल्लांना, ती आईच्या पोटात असतानाच, पांढऱ्या जातीच्या पेशी टोचल्या. पिल्लं मोठी झाल्यावर त्याच पांढऱ्या जातीच्या कातडीचा तुकडा त्यांच्या अंगावर लावला. एरवी दीड-दोन आठवड्यांत असा तुकडा वाळून गळून पडतो. इथं तो काही पिल्लांच्या अंगावर टिकला, त्यावर पांढरे केस उगवले. १९५३ सालची ही गोष्ट. पुढं १९६० चं नोबेल मेडावर आणि फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांना मिळालं. बिलिंगहॅम-ब्रेंट यांची नावं त्यात नाहीत, आणि ओवेन यांचंही नाही. मेडावर यांना स्वतःलाही ते खटकलं होतं.

असं का घडतं? परक्यांवर तुटून पडणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे टी पेशी, छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथं त्यांची चाळणी लागते. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर उठेल, ती तिथंच मारली जाते. गर्भात ही चाळणी नुकतीच सुरू झालेली असताना परक्या पेशी आत आल्या, तर चाळणी त्यांनाही घरच्याच धरते. एकदा घरच्या ठरल्या की पुढं वाद नाही.

मग माणसात का नाही करायचं? केलं गेलं. जन्मतःच प्रतिकारशक्ती नसण्याचा एक आजार आहे. तो असलेल्या एका बाळाला सोळाव्या आठवड्यापासून, पोटातच, वडिलांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या गेल्या. १९९६ मध्ये ॲलन फ्लेक आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. बाळाच्या टी पेशी वडिलांच्या पेशींपासून तयार झाल्या, बाळ जगलं. वाटलं, आता थॅलेसेमियाही गेला, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार.

(दृश्य: पुण्यातलं थॅलेसेमिया डे-केअर. हाताला पट्टी, स्टँडला रक्ताची पिशवी, दुसऱ्या हातानं वहीत गणितं सोडवणारी मुलगी.)

नाही गेला. या मुलीला आजही दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजची गोळी वेगळीच.

प्रतिकारशक्ती नसलेल्या त्या बाळाकडं टी पेशींची जागाच रिकामी होती. थॅलेसेमियाच्या गर्भाची अस्थिमज्जा मात्र स्वतःच्या पेशींनी खच्चून भरलेली असते. सहा वाजता स्वारगेटहून सुटलेल्या पीएमपी बससारखी: दारातून कुणी अडवत नाही, पण बसायला जागा नाही. टोचलेल्या पेशींपैकी मूठभर टिकतात आणि तेवढ्यांनी हिमोग्लोबिन भरून निघत नाही.

दुसरी अडचण अनेक वर्षं लक्षातच आली नाही. उंदरांत असं दिसलं, की परक्या पेशी हुसकावून लावते ती आई. गर्भ त्यांना सांभाळून घेत असतो. आईच्या टी पेशी वार ओलांडून आत येतात आणि बाळात टोचलेल्या पाहुण्यांवर तुटून पडतात. मग उपाय सोपा: दाताच आई करायची. स्वतःच्या पेशींवर ती कशाला उठेल? कुत्र्यांमधल्या प्रयोगांत मिश्र रक्त कायम टिकलेलं दिसलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रात टिपी मॅकेन्झी यांच्या गटानं २०१७ मध्ये अल्फा थॅलेसेमिया मेजरच्या गर्भांवर हाच मार्ग वापरायला सुरुवात केली. तो आजार असलेलं बाळ सहसा पोटातच दगावतं, म्हणून त्याला नाळेतून रक्त द्यावंच लागतं. त्याच सुईनं आईच्या स्टेम सेल्सही द्यायच्या.

आपल्याकडं प्रश्न मुख्यतः बीटा थॅलेसेमियाचा. सिंधी समाजात मायनरचं, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष पुढं देऊ शकणाऱ्यांचं, प्रमाण जास्त, आणि पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर वसलेली त्यांची मोठी वस्ती आहे. पण एवढ्यावरून बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये. बीटाचं बाळ पोटात ठणठणीत असतं, कारण गर्भाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. आजार वर येतो जन्मानंतर काही महिन्यांनी. मग सुई घालण्याची जोखीम आधीच का घ्यायची? माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे, आणि ही पद्धत अजून रोजच्या उपचारात आलेली नाही ते बरंच आहे.

(दृश्य: सोनोग्राफी केंद्राचं दार. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. आत रांगेत जोडपी.)

तरी संशोधकांचं म्हणणं ऐकण्याजोगं आहे. पोटातल्या त्या डोसानं आजार बरा व्हायलाच हवा असं नाही. बाळाची आईच्या पेशींशी ओळख झाली तरी पुरे. जन्मानंतर त्याच आईचा दुसरा डोस द्यायचा, तोही अस्थिमज्जा रिकामी करणाऱ्या जबर केमोथेरपीशिवाय. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि छोट्या कुटुंबांत भावंडच नसतं. आई अर्धी तरी जुळतेच. ती स्वतः थॅलेसेमिया मायनर असली तरी अडत नाही. मायनरच्या मूळ पेशी कामापुरतं रक्त व्यवस्थित तयार करतात.